चारशे बारा दिवस

महाप्याच्या एमआयडीसीत, तिसऱ्या मजल्यावर
एक वर्कशॉप आहे. त्याला छप्पर नाही, ग्रीसचा वास नाही.
तिथं रोज सकाळी साडेनऊला
मी चौदा कारागिरांची हजेरी घेते.

त्यांना चेहरे नाहीत, निळे चौकोन आहेत.
फौजेच्या गाड्या पिवळ्या.
कुठल्या घाटात गिअरबॉक्स खाल्ला, ते आम्हाला कळत नाही,
नंबरांवर काळी पट्टी मारून माहिती येते.
निळा पिवळ्याला चिकटतो, थांबतो, सुटतो.
पिवळी हिरवी होते आणि पडद्याच्या काठावरून निघून जाते.
एक वर्ष चार मिनिटांत सरतं.
मग मी फासे बदलते
आणि तेच वर्ष पुन्हा सुरू.
रात्रभर मशीन चालतं, सकाळी हजार वर्षं तयार.

विचारलं होतं इतकंच :
माणसं किती लागतील?
उत्तर आलं, अकरा.
ॲग्नेलनं आलेख असा काढला
की भिंतीवर लावावा.

इंगवले तेव्हा सल्लागार म्हणून यायचे,
निवृत्त नायब सुभेदार, घणसोलीला लेकीकडे असतात.
उजव्या अंगठ्याला नख नाही.
एसी सोसत नाही म्हणून ऑक्टोबरातही मफलर.
चष्मा कपाळावर सारून त्यांनी पडद्याला नाक लावलं.
"उरलेले तिघं कोण?"

मी म्हटलं, काका, कोणी असं नाही. सरासरी आहे ती.
"बरं. मग ही सरासरी
गावाकडं जत्रेला जाती का?"

ॲग्नेल हसला. मी नाही हसले,
उद्या सादरीकरण होतं.

मग त्यांनी नोंदी मागितल्या.
बोट खाली खाली नेत गेले,
कोणी तांदूळ निवडावेत तसे.
"हे सगळं शनिवारी भरलंय. एकाच बसणीत.
आणि ही कुठं गेली?"
कोणती?
"उभी असणार एक. वर्षभर. कोपऱ्यात.
असतेच."

होती.
चारशे बारा दिवस दुरुस्तीखाली.
चूक समजून पहिल्याच आठवड्यात
मीच पुसली होती.

"पोरी, ती गाडी नाही," ते म्हणाले.
"ती आमची टपरी.
भाग वरून यायला पाच महिने,
साहेबाला गाडी सोमवारी पाहिजे.
मग तिचा पंप काढायचा, हिला बसवायचा.
तिचा डायनॅमो, तिचे नटसुद्धा.
शेवटी सांगाडा राहतो, त्यावर पोरं बनियन वाळत घालतात.
काढायला एक माणूस, बसवायला एक.
कागदावर फक्त बसवणारा."

मग बराच वेळ कोणी बोललं नाही.
खाली टँकरवाला रिव्हर्स घेत होता,
त्याचं ते टिंग टिंग.

त्या रात्री मी ती परत आणली.
तिच्यासाठी रंग नव्हता, राखाडी दिला.
तिला रांगेत नाही लावली, कोपऱ्यात ठेवली,
आणि निळ्यांना शिकवलं
तिच्याकडे जायला, हात रिकामे घेऊन,
परतताना भरून.
ते जाऊ लागले.
पारसिकच्या डोंगरामागे उजाडलं
तेव्हा हजार वर्षं होऊन गेली होती
आणि राखाडी चौकोन जागचा हलला नव्हता.

उत्तर : तेरा. वर काहीतरी दशांश.

"म्हणजे चौदा," इंगवले म्हणाले, डबा उघडत.
"एक कायम रजेवर असतो."
लेकीनं कारल्याची भाजी दिली होती,
त्यांनी झाकणावर काढून माझ्यापुढे सरकवली.

सादरीकरणात मी आलेख दाखवला, नवा, कमी देखणा.
कोणीतरी विचारलं, हा राखाडी ठिपका काय?
काढता येईल का?
मला त्यांचा अंगठा आठवला.
तो कुठल्या गाडीत गेला
हे विचारायचं राहूनच गेलं होतं.

नाही, म्हटलं.
त्याच्यावरच तर बाकीच्या चालतात.